ग्रेड तात्ताच्या तीन पंगती

आमच्या समोरच्या दारात राहणारे रघुनाथराव बेल वाजवतात, आणि मी दार उघडलं की नमस्कार वगैरे काही करत नाहीत. आकडा सांगतात.

"अठरा."

बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत त्यांनी मनात अठरा मोजलेले असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस घर चुकला. मी म्हटलं, "अठरा नंबर खालच्या मजल्यावर." तर म्हणाले, "घराचा नव्हे, वैनी. तुमचा."

मग खिशातून लहानशी वही काढून माझ्यासमोरच लिहूनही ठेवलं. अशा माणसाला घरात घ्यावं की त्याच्या तोंडावर दार लावावं, हे माझं अजून ठरलेलं नाही. याला चार वर्षं झाली.

राव तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज केव्हातरी तिकडे गेले आणि जाताना नेलेली मराठी त्यांनी लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवली. राव 'बसा' म्हणत नाहीत, 'बैसा' म्हणतात. 'विचारलं' म्हणत नाहीत, 'पुसिलें' म्हणतात. मी वाईकडची, चौथी पास. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इकडे तमिळ मुलखात आले. मालक आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात होते. ते गेल्यावर मी पेरुंगुडीला मुलाकडे, मिलिंदकडे राहायला आले, तेव्हा शेजारी मराठी आहेत म्हटल्यावर बरं वाटलं. पण पहिला महिनाभर आम्ही एकमेकांची मराठी तमिळमध्ये समजावून घेत होतो.

रावांची नोकरी रेल्वेतली. गाडी उभी राहिली की चाकांवर हातोडी मारत जायचं आणि आवाज ऐकायचा. धड चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. असं सदतीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर रेल्वेने हातोडी काढून घेतली. कान आणि डोळे त्यांच्याकडेच राहिले, ते त्यांनी आमच्यावर लावले.

आमच्या इमारतीत त्यांना ग्रेड तात्ता म्हणतात. तात्ता म्हणजे आजोबा. ग्रेड कसली, ते सांगते.

पेरुंगुडीपासून सिरुसेरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारतीच इमारती आहेत, आणि त्यांतल्या बायका थ्रोबॉल खेळतात. मधे जाळी, दोन्हीकडे सात-सात बायका. आलेला बॉल झेलायचा आणि लगेच पलीकडे फेकायचा. खाली पडला की गुण समोरच्यांना. पोंगल झाला की इमारतींचे सामने सुरू होतात. आता सगळे संघ सारखे कुठून असणार? कुठे कॉलेजात खेळलेल्या पोरी, तर कुठे दोन बाळंतपणांनंतर वजन उतरवायला आलेल्या. त्यांना समोरासमोर उभं केलं तर त्याला खेळ म्हणत नाहीत. म्हणून तीन पातळ्या केलेल्या आहेत. बाकीचे ए, बी, सी म्हणतात. राव पंगत म्हणतात. पहिली पंगत, दुसरी पंगत, तिसरी पंगत. कोणता संघ कोणत्या पंगतीला बसवायचा हे राव ठरवतात, कारण दुसऱ्या कोणी ठरवलं तर भांडणं होतात. राव त्या कुठल्याच संघाचे कोणी नाहीत. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही.

त्यांचा नियम एकच. "डाव पंचवीसांचा. हरणाऱ्याच्या पानांत पंधरा तरी पडले पाहिजेत. कोण्हीही उपाशी उठतां कामा नये."

ऐकायला गोड आहे. पण त्या माणसाची भीती काय होती ते आमच्या इमारतीत येऊन बघायचं. कारण राव खेळ बघून पंगत ठरवत नाहीत. ते म्हणतात, सामन्यांआधी चाचणी असते, त्या दिवशी माणूस खोटं खेळतं. सोपी पंगत मिळावी म्हणून चांगल्या चांगल्या बायका बॉल मुद्दाम सोडतात. म्हणून राव बारा महिने बघतात. बागेतल्या बाकावर बसून, वही मांडीवर ठेवून.

मग काय, जानेवारी जवळ आला की आमच्याकडच्या बायका त्या बाकासमोरून जाताना आजारी पडायच्या. पंचवीस किलो तांदळाची पिशवी एकटी उचलणारी गायत्री रखवालदाराला हाक मारून कोथिंबिरीची जुडी वर पाठवायची. माझी सून अश्विनी कोपराला पट्टा बांधून फिरायची. एकदा राव तिला म्हणाले, "काल हा पट्टा डाव्या हातास होता." त्या दिवसापासून तिने पट्टा सोडला आणि लंगडायला लागली.

आणि कोणी घाबरलेलं दिसलं की राव दोन शब्द बोलायचे. "भय वेंडाम." वेंडाम म्हणजे नको. भिऊ नका. हे ऐकलं की समजावं, आता भ्यायला सुरुवात करायची वेळ आली.

मला खेळायचं नव्हतं, तरी मीही त्या माणसाला भ्यायची. त्याचं कारण वेगळं होतं.

दोन वर्षांपूर्वी मला एकदा न्हाणीघरात चक्कर आली. भिंत धरली, निभावलं. मग पुन्हा एकदा ओट्यापाशी आली. मी कोणाला सांगितलं नाही. आमच्या बी ब्लॉकमध्ये सरोजा मामी म्हणून आहेत. त्या एकदा पडल्या. हाड मोडलं नाही, काही नाही, पण मुलांनी परदेशातून फोन करून एक बाई ठेवली आणि तिला सांगून ठेवलं, आईला एकटीला कुठे सोडायचं नाही. तेव्हापासून मामी खाली आलेल्या नाहीत. खिडकीच्या ग्रिलमधून हात हलवतात. मिलिंद स्वभावाने चांगला आहे, म्हणूनच मला त्याची जास्त भीती. त्याला कळलं असतं तर त्याने मला कापसात गुंडाळून कपाटात ठेवलं असतं.

म्हणजे सगळ्या बायका रावांपासून ताकद लपवत होत्या, आणि मी कमजोरी.

दाराचा आकडा वाढायला लागला होता. अठराचे बावीस, बावीसचे सव्वीस. मी म्हणायची, कुकर होता गॅसवर, फोन चालू होता. राव नुसते लिहायचे. मग मी एक युक्ती केली. ते रोज साडेपाचला येतात, म्हणून मी सव्वापाचपासून दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. बेल वाजली की लगेच कडी काढायची.

"पांच," राव म्हणाले. मग माझ्यामागच्या खुर्चीकडे बघितलं. "वैनी, हें कपट झालें."

"कसलं कपट? माझं दार, माझी खुर्ची."

"उद्यांपासून वेळ सांगून येणार नाही."

आणि खरंच, कधी चारला, कधी सहाला यायला लागले. तुम्हीच सांगा, या वयात असा जाच कोणी सोसेल का?

तरीही मी त्यांच्याबरोबर रोज खाली फिरायला जायची, त्याला कारण त्यांचा गुडघा. उजवा गुडघा त्यांचा कामातून गेलेला. दारातून बाहेर पडलं की म्हणायचे, "गुडघा ऐकत नाही, वैनी. हात द्या." मग मी माझा हात पुढे करायची आणि ते माझं कोपर धरायचे. बागेत उतरायला तीन पायऱ्या आहेत, तिथे तर घट्ट धरायचे. इमारतीला दोन फेऱ्या, अगदी सावकाश. अश्विनी म्हणायची, "आई, तुम्ही किती करता हो त्यांचं." मी म्हणायची, करायला लागतं, एकटा माणूस आहे. मनात म्हणायची, हे ओझं नसतं तर मी चार फेऱ्या मारल्या असत्या.

यंदा जानेवारीत चाचणी झाली. शाळेचं मैदान, चौदा संघ. आमच्या बायकांनी असा काही खराब खेळ केला की बघत राहावं. बॉल हातात येऊन सुटत होते. गायत्री तर एकदा धाडकन पडली, सगळे "अय्यो" म्हणून ओरडले. राव टेबलापाशी बसून लिहीत होते. संध्याकाळी त्यांनी कागद लावला. आमचा संघ पहिल्या पंगतीत.

इमारतीत सुतक आल्यासारखं झालं. कारण पहिल्या पंगतीत सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या मुलींचा संघ आहे. उंच, पंचविशीच्या. त्यांच्यात एक लांब हातांची मुलगी आहे, तिचा बॉल फेकल्यासारखा येत नाही, तोफेतून सोडल्यासारखा येतो. गेल्या वर्षी तिचा बॉल अडवताना दुसऱ्या एका इमारतीतल्या बाईचं बोट मोडलं होतं. अश्विनी रात्री जेवली नाही. तिचं बोट मोडलं असतं तर पोळ्या मलाच लाटाव्या लागल्या असत्या, आणि ओट्यापाशी तेवढा वेळ उभं राहायची आता माझी छाती नव्हती. म्हणजे मीही भ्याले होते, पण सुनेची काळजी म्हणून ते खपून गेलं.

सगळ्या बायकांनी मला पुढे केलं. "पाट्टी, तुम्हीच बोला. तुमचं ऐकतील." पाट्टी म्हणजे आजी. मी शंकरपाळ्यांचा डबा घेतला आणि समोरचं दार वाजवलं. मीही मोजत होते. मी चार म्हणायच्या आत राव दारात.

"बैसा," ते म्हणाले.

मी बसले. सरळच म्हटलं, "राव, आमच्या पोरींना खालच्या पंगतीत घ्या. मार खातील."

त्यांनी एक शंकरपाळी खाल्ली. वही उघडली. "सप्टेंबर. गायत्रीनें खालून किल्ल्यांचा जुडगा फेकिला. अश्विनीनें दुसऱ्या मजल्याच्या सज्जांत झेलिला. एका हातानें. दुसऱ्या हातांत फोन. बोलणें थांबलें नाही." पान उलटलं. "आणि गायत्री चाचणींत पडली तें पाहिलेंत? हात आधी टेकला, मग खांदा. ज्यास पडतां येतें तो खेळाडू, वैनी. ज्यास पडतां येत नाही त्यास संभाळून बसवावें लागतें."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं. मी पदर सारखा केला.

"त्या भ्यायल्यात," मी म्हटलं.

"भ्याल्या आहेत म्हणून खालीं बसवूं? खालीं कोण बैसलें आहे ठाऊक आहे?" मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी मैलापूरच्या एका शिवणक्लासातल्या बायकांनी संघ काढला होता. एकीनेही जन्मात बॉल धरलेला नव्हता. सगळ्यांनी स्वतः शिवलेले सारखे पिवळे कुडते घातले होते. तेव्हा राव नवीन होते, चाचणीवर विश्वास ठेवायचे. एक तगडा संघ खोटं खेळून तिसऱ्या पंगतीत येऊन बसला होता, तो यांच्यासमोर आला. पंचवीस-दोन.

"दोन," राव म्हणाले आणि दोन बोटं दाखवली. "कोण्ही रडली नाही. कुडत्यांवरची धूळ झाडिली आणि गेल्या. पुढल्या वर्षीं आल्या नाहीत म्हणून मी शोधीत गेलों. बॉल खिळ्यास टांगलेला होता. मला म्हणाल्या, बैसा, चहा घ्या. मला दोष दिला नाही. मी चाकावर हातोडी न मारितां गाडी सोडिली होती, वैनी."

मी विचारलं, "आणि रेल्वेत कधी तडा सापडला तर काय करायचात? सगळ्यांना ओरडून सांगायचात?"

"छे. डबा हळूच बाजूस काढायचा. प्रवाशांस सांगून भिववायचें नाही." त्यांनी डब्याचं झाकण लावून डबा मला परत दिला. "अश्विनीस सांगा, भय वेंडाम."

मी घरी येऊन सांगितलं. अश्विनी रडायलाच लागली.

पुढच्या रविवारी सामना झाला. समोर सिरुसेरीच्याच मुली. मी करंजाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मिलिंद जाळीजवळ फोन धरून उभा. राव मैदानाच्या पार पलीकडे, गुण लिहायच्या टेबलापाशी. आमच्या बायका पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पहिले पाच गुण भराभर गेले. मग गायत्रीने एक झेलला. अश्विनीने एक झेलला आणि असा कोपऱ्यात टाकला की ती लांब हातांची मुलगीही नुसती बघत राहिली. दहा-सात झाले, पंधरा-चौदा झाले. खोटं खेळायचं कोणाला आठवतच नव्हतं. तो बॉल जाळीवरून यायचा तेव्हा मी खुर्चीचे हात धरायची.

वीस-एकोणीसला त्या मुलीने बॉल तसाच तोफेसारखा सोडला आणि तो अश्विनीच्या हातांमधून थेट तोंडावर बसला. आवाज मला झाडाखाली आला. ती खाली बसली. नाकातून रक्त.

मी ताडकन उठले. तिथेच चुकले. उठले आणि मैदान एका बाजूला कलंडलं. झाड मागे गेलं. खुर्चीचा हात शोधला, तो सापडेना. ओरडावं तर आवाज नाही. आणि ओरडून करणार काय, सगळं मैदान अश्विनीकडे धावत होतं. मिलिंदची पाठ माझ्याकडे होती. मला एवढंच वाटलं, आता पडणार, आणि मला पडता येत नाही.

तेव्हा मी रावांना बघितलं.

ते पळत होते. तो कामातून गेलेला गुडघा घेऊन अख्खं मैदान ओलांडून पळत होते. मधली दोरी त्यांनी उडी मारून ओलांडली. अश्विनीच्या शेजारून गेले, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळे जिकडे बॉल लागला तिकडे बघत होते, आणि हा माणूस टेबलापाशी बसून केव्हापासून माझ्या खुर्चीकडे बघत होता कोणास ठाऊक. माझे पाय सुटले त्याच्या आधी त्यांचा हात माझ्या कोपराखाली होता. रोज असायचा तिथेच.

आणि मग ते ओरडले, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे. "अय्यो! गुडघा! वैनी, धरा मला, मी पडलों!"

लोक वळले. कोणीतरी हसलं. मिलिंद धावत आला, "आई, त्यांना नीट धर, इथे बसव." दोन पोरी पाणी घेऊन आल्या. राव माझ्याच खुर्चीशेजारी टेकले, मला घट्ट धरून खाली बसवलं, आणि पाण्याची बाटली "वैनींस आधी द्या, त्यांनी मला सांवरिलें" म्हणून माझ्या हातात दिली. सगळे त्यांचा गुडघा चोळत होते. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

त्यांचा श्वास फुललेला होता. माझं कोपर त्यांनी अजून सोडलेलं नव्हतं.

ते 'भय वेंडाम' म्हणाले नाहीत.

अश्विनी नाकात कापूस घालून पुन्हा उभी राहिली. पंचवीस-बावीस, हरल्या. येऊन माझ्या गळ्यात पडली. "आई, बावीस! बघितलंत? त्यांच्याकडून बावीस घेतले आम्ही!" आता सगळ्या म्हणतात, पुढल्या वर्षीही पहिलीच पंगत हवी. कालपर्यंत आजारी होत्या.

दुसऱ्या दिवशी मी दुपारभर खुर्चीत बसून विचार केला. मला विचार करायची सवय नाही, पण हा सुटेना. रावांचा डोळा चुकत नाही, हे मी इतकी वर्षं बघतेय. ज्याला पट्टा कोणत्या हाताला होता हे दिसतं, त्याला माझी चक्कर दिसली नसेल? मग ही दोन वर्षं त्या पायऱ्यांवर कोण कोणाला धरून उतरत होतं? खोटं लंगडणाऱ्या बायकांना एका नजरेत पकडणारा माणूस रोज माझ्या दारात येऊन खोटं लंगडत होता. त्याने मला माझ्या पंगतीत केव्हाच बसवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. आणि स्वतः पान उचलून माझ्या शेजारी येऊन बसला होता.

ती कितवी पंगत, हे विचारायची मला भीती वाटते. खरं तर विचारायची गरजही नाही.

चारच्या पुढे केव्हातरी बेल वाजली. मी दाराशी खुर्ची टाकलेली नव्हती. उठले. आधी खुर्चीचा हात, मग कपाटाची कड, मग भिंत. मध्ये एकदा थांबले. मी मोजत होते. कडी काढली तेव्हा एक्केचाळीस झाले होते.

राव उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात वही.

"अठरा," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यभर खरा आकडा लिहिलेला माणूस. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"लिहा मग वहीत," मी म्हटलं.

"वही विसरलों." वही खिशातून डोकावत होती. त्यांनी उजवा गुडघा दाबल्यासारखं केलं. "आज फार ठणकतो, वैनी. हात द्या."

मी हात दिला.